‘चार्ज’ म्हणजे शुल्क नव्हे : शब्दसूची करणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
इंग्रजी-मराठी शब्दसूची तयार करणारे आणि ती मंजूर करणारे सर्व,
बँका, विमा कंपन्या, मोबाइल कंपन्या आणि कार्यालये.

स.न.वि.वि.

तुमची-माझी भेट कधी झालेली नाही, पण तुमच्या याद्यांशी माझी रोजची उठबस आहे. मी भाषांतराची कामं करतो. नोटिसा, अर्जाचे नमुने, विम्याची माहितीपत्रकं, मोबाइलवर येणारे दोन ओळींचे मेसेज, काय वाटेल ते. काम आलं की सोबत एक्सेलची एक फाईल येते. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी. वर लाल अक्षरांत सूचना असते की यादीतलाच शब्द वापरावा. दुसरा वापरला की संगणक ती ओळ तांबडी करतो, आणि तांबड्या ओळी जास्त झाल्या की माझे पैसे कापले जातात.

अशाच एका यादीत ‘चार्ज’ या शब्दापुढे लिहिलं होतं : शुल्क. संपलं. ना उदाहरण, ना दुसरा पर्याय.

मी तेव्हा काही बोललो नाही. एका शब्दासाठी कोण भांडत बसतो? आता बोलतो आहे, कारण मधल्या काळात तो शब्द माझ्या घरापर्यंत येऊन पोचला.

माझा मावसभाऊ सिन्नर तालुक्यात शेती करतो. कांदा, सोयाबीन, थोडा गहू. विहिरीवरून वरच्या तुकड्यात पाइपलाइन नेण्यासाठी त्याने कर्ज काढलं होतं, ते त्याने फेडलं. शेवटचा हप्ता भरल्यावर महिनाभराने बँकेचं मराठीतलं पत्र आलं. मराठीतलं, म्हणून त्याला आनंदच झाला. पत्रात होतं : “आपले कर्ज खाते बंद झाले असून आपल्या गट क्रमांकावरील बँकेचे शुल्क हटविण्यासाठी आवश्यक ती कार्यवाही आपल्या स्तरावर करावी.”

तो पाचशेच्या दोन नोटा खिशात घालून बँकेत गेला. खिडकीवरच्या मुलाने खातं उघडून पाहिलं आणि सांगितलं, “काका, तुमच्याकडं काही येणं नाही. खातं निल आहे. जा निवांत.” हा निवांत झाला. येताना दोन किलो द्राक्षं घेतली, पत्र ट्रंकेत टाकलं आणि विसरला.

आठ महिन्यांनी शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदासाठी दुसऱ्या बँकेकडे कर्ज मागायला गेला, तर तिथल्या साहेबांनी सातबारा काढला आणि इतर हक्कांच्या रकान्यावर बोट ठेवलं. पहिल्या बँकेचा बोजा अजून जसाच्या तसा.

त्या पत्रातलं शुल्क म्हणजे फी नव्हती, जमिनीवरचा बोजा होता. इंग्रजी मसुद्यात ‘चार्ज’ असणार, यादीत त्याचं शुल्क झालेलं असणार आणि माझ्यासारख्याच कोणीतरी ते निमूटपणे लिहून टाकलेलं असणार. ते पत्र माझ्या हातून गेलेलं नव्हतं. पण गेलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं, हे कबूल करायला हवं.

‘बोजा’ हा शब्द मावसभावाला कळला असता. त्याच्या आईलाही कळला असता, आणि ती शाळेची पायरी चढलेली नाही. सातबाऱ्यावर बोजा ‘चढवतात’ आणि कर्ज फिटलं की ‘उतरवतात’. मग काय करायचं हेही गावात सगळ्यांना माहीत असतं. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि सातबारा कोरा होतो. ‘बोजा उतरवून घ्या’ एवढे तीन शब्द पुरले असते.

मग मीच त्याच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेलो. तिथे जे ऐकलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

कार्यालयाला कुलूप नव्हतं, पण भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, तेही नव्हते. बाकावर बसलेल्या कोतवालाने सांगितलं, “भाऊसाहेबांकडं तीन सजांचा चार्ज आहे. आज पलीकडच्या गावात बसत्यात.” सजा म्हणजे एका तलाठ्याच्या हाताखालची गावं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारबाबा भिंतीतल्या सॉकेटला मोबाइल लावून त्याच्या शेजारीच राखणीला बसले होते. फोनला चार्ज राहत नाही, घरी लाईट नाही. तेवढ्यात एक पोरगा सेतूवाल्यावर चिडून आला. “डिजिटल सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो, अन् हा पन्नास चार्ज करतो!” त्यावर कोतवाल शांतपणे म्हणाला, “त्याच्या नादी लागू नको. आधीचे एक साहेब असेच जादा घ्यायचे, त्यांना चार्जशीट मिळाली.” आणि मावसभाऊ मधेच म्हणाला, “मला फक्त बँकेचा बोजा उतरवायचाय.”

अर्ध्या तासात एका बाकावर तोच शब्द चार अर्थांनी बोलला गेला आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. पाचव्या अर्थाला तर मावसभावाने आपला शब्द वापरला, आणि त्या अर्थालाही इंग्रजीत तोच शब्द आहे हे बाकावर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. गोंधळ झाला तो फक्त तुमच्या-माझ्या कागदावर.

हा शब्द मुळात गाडीवानाचा आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी, आणि हा शब्दही रोमन लोकांनी गॉल लोकांकडून उचललेला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’, म्हणजे गाडीत माल भरणं. फ्रेंचांनी त्याचं ‘शार्जे’ केलं आणि इंग्रजांनी ‘चार्ज’. ‘कार’, ‘कॅरी’ आणि स्पॅनिशातून आलेला ‘कार्गो’ ही सगळी त्याची भावकी. ‘कॅरिकेचर’सुद्धा! इटालियनमध्ये त्याचा मूळ अर्थ वाजवीपेक्षा जास्त भार टाकणं. व्यंगचित्रकार पुढाऱ्याच्या नाकावर टाकतो तसा.

एकदा ही गाडी डोळ्यांपुढे आणली की इंग्रजीतले ते विखुरलेले अर्थ आपोआप एका दावणीला येतात. तोफेत दारू भरली, चार्ज. माणसावर काम टाकलं, चार्ज. कोणावर गुन्हा ठेवला, तोही चार्ज. गिऱ्हाइकावर पैसे चढवले, जमिनीवर कर्ज चढवलं, शत्रूवर सगळं बळ घेऊन लोटलो, तेही चार्ज. प्रत्येक वेळी कोणीतरी कोणावर तरी काहीतरी लादतं आहे. फक्त लादणारा, लादलेली वस्तू आणि ज्याच्या पाठीवर ती आली तो, हे तिघे बदलतात. मराठीत शब्द बदलतो तो या तिघांमुळे.

मोबाइलचं तर मला फार मजेशीर वाटतं. ‘चार्ज’ आणि ‘बॅटरी’ हे दोन्ही तोफखान्यातले शब्द. बॅटरी म्हणजे एका रांगेत लावलेल्या तोफा. 1740 च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांत वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. लायडन बरण्या म्हणतात त्यांना. जोडलेल्या बरण्यांच्या रांगेला त्याने ‘बॅटरी’ म्हटलं आणि त्या भरण्याला ‘चार्ज’. आपल्याकडे तोफेत आणि ठासणीच्या बंदुकीत बार भरायचे, विहीर खोदताना कातळात सुरुंग ठासून बार उडवायचे. तेव्हा कोणी ‘मोबाइलमध्ये बार भर’ म्हटलं असतं तरी फ्रँकलिनला हरकत नसती. पण कोणी म्हटलं नाही. लोकांनी ‘चार्जिंगला लाव’ म्हटलं आणि ते आता मराठीच आहे. ते तसंच राहू द्या. मात्र एक गंमत बघा : बॅटरीतली वीज संपली की आपण काय म्हणतो? ‘बॅटरी उतरली.’ सातबाऱ्यावरचा बोजाही उतरतो आणि ट्रॅक्टरची बॅटरीही उतरते. ज्यांनी लॅटिन कधी ऐकलं नाही त्या लोकांनी गाडी रिकामी करण्याचं क्रियापद दोन्हीकडे बरोबर लावलं आहे.

आपल्या भाषेतही या कामाला एक जुना बैल जुंपलेला आहे, ‘भार’. पदभार, कार्यभार, प्रभारी, अधिभार. विजेचा लोड कापायचा तर भारनियमन. इंग्रजीतले ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ हे आपल्या ‘भार’चे दूरचे नातलग आहेत, त्यामुळे हा योगायोग म्हणण्यापेक्षा माणसाचा स्वभाव म्हणावा लागेल : काम, कर, कर्ज हे सगळं त्याला पाठीवरच्या ओझ्यासारखं दिसतं. पोर्तुगीजमध्ये हुद्द्याला ‘कार्गु’ म्हणतात आणि ओझ्याला ‘कार्गा’. गोव्यात ज्यांचे आजे-पणजे पोर्तुगीज कचेरीत होते त्यांना हे सांगायला नको. आणि ‘आभार’? तेही ओझंच, उपकाराचं.

पण म्हणून यादीत ‘चार्ज’पुढे ‘भार’ लिहून टाकू नका. एक चूक काढून दुसरी घालण्यात काय हशील? मी सांगतो आहे ते वेगळंच आहे.

‘शुल्क’ हा शब्द इतका ताणला गेला आहे की आता तो कुठेही घाला, बसतो आणि काहीच सांगत नाही. परीक्षेची फी म्हणजे परीक्षा शुल्क. दस्त नोंदवायला गेलात की मुद्रांक शुल्क, तो सरळ कर आहे. दारूवर उत्पादन शुल्क, तोही कर. त्यात आता सेवेचा मोबदला आणि जमिनीवरचा बोजाही त्याच पोत्यात.

याउलट महावितरणचं बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. हे सगळे ‘चार्ज’ आणि सगळ्यांना ‘आकार’. त्याखाली येतं ‘वीज शुल्क’. ते मात्र चार्ज नाही, ड्यूटी आहे. घरगुती ग्राहकाला 16 टक्के, आणि ते पैसे कंपनीचे नसून सरकारचे. ज्या कोणी त्या बिलाचं मराठी पहिल्यांदा बसवलं त्याला माझा नमस्कार. कंपनी काय घेते आणि सरकार काय घेते, हे नुसत्या दोन शब्दांनी वेगळं दिसतं. उद्या कोणी एकसारखेपणाच्या नावाखाली तिथे सगळीकडे शुल्क लिहिलं तर ती भिंत पडेल. बिल तेवढंच राहील, पण कोणाचं किती हे विचारायची सोय जाईल.

‘आकार’ हा महसुलातला जुना शब्द आहे. सातबाऱ्यावर अजून ‘आकारणी’ असते. ‘दंड आकारला’, ‘भाडं आकारलं’ असं क्रियापदही त्याला आहे, जे शुल्काला नाही. ‘शुल्कणे’ असं कोणी म्हणत नाही, सुदैवाने. आणि दुकानात उभं राहून विचारायचं असेल तर आपण ‘किती आकारता?’ असंही म्हणत नाही. ‘काय घेता?’ म्हणतो. तोही ‘चार्ज’च, आणि तो सगळ्यात चांगला.

कोर्टात गेलं की प्रकरण आणखी नाजूक होतं, आणि इथे यादीची चूक फक्त हेलपाटे घालायला लावून थांबत नाही. पोलीस तपास संपल्यावर न्यायालयात कागद दाखल करतात ते दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश ठरवतात की खटला चालवण्याजोगं काही आहे का. असेल तर आरोप निश्चित करतात, तो चार्ज. नसेल तर आरोपीला दोषमुक्त करतात, तो डिस्चार्ज. आणि संपूर्ण खटला चालून, साक्षीपुरावे होऊन आरोपी सुटला तर ती निर्दोष मुक्तता, जिला इंग्रजीत वेगळाच शब्द आहे. कंपनीच्या एखाद्या अर्जात प्रश्न असतो, ‘तुमच्यावर कधी चार्ज ठेवला गेला आहे का?’ त्याचं ‘तुमच्यावर कधी आरोप झाला आहे का?’ असं भाषांतर मी स्वतः पाहिलं आहे. आता आरोप काय, चाळीतल्या भांडणातही होतो. सासूने सुनेवर केला तरी होतो. ज्याला हो-नाहीवर नोकरी मिळायची आहे त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

आणि एक चार्ज असा होता की जो आता भारतातल्या कोर्टांतून उठून गेला आहे. ज्युरी असताना खटल्याच्या शेवटी न्यायाधीश ज्युरीला कायदा आणि पुरावा समजावून सांगत, त्यांच्यावर निर्णयाची जबाबदारी सोपवत. त्या भाषणाला ‘चार्ज’ म्हणतात. मुंबईतल्या नानावटी खून खटल्यात 1959 साली ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नौदल अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे निकाल फिरला. ज्युरीचा कौल बाजूला सारताना एक मुख्य मुद्दा हाच होता की न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या ‘चार्ज’मध्ये चुका होत्या, कायदा नीट समजावून सांगितला गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये शिक्षा कायम केली. आता तुमच्या यादीप्रमाणे भाषांतर करून पाहा : ‘न्यायाधीशांनी ज्युरीला लावलेल्या शुल्कात चुका होत्या.’ किंवा कोणी हुशारी करून आरोप घातला तर : ‘न्यायाधीशांनी ज्युरीवर केलेला आरोप सदोष होता.’ दुसरं जास्त वाईट. पहिलं वाचून माणूस हसतो आणि सावध होतो. दुसरं वाचून विश्वास ठेवतो.

तसंच घोडदळाचं. 25 ऑक्टोबर 1854 ला क्रिमियात बालाक्लावाला इंग्रजांच्या ‘लाइट ब्रिगेड’चे सहाशेहून अधिक घोडेस्वार रशियन तोफांच्या तोंडावर चालून गेले. तो इतिहासातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध चार्ज, आणि तो झालाही एका नीट न समजलेल्या हुकमामुळे. तुमच्या यादीतून गेला तर ते हलक्या पलटणीचं शुल्क होईल. मराठीत यासाठी चढाई आहे, एल्गार आहे, चालून जाणं आहे, तुटून पडणं आहे. आपल्याला या कामाच्या शब्दांची कधी टंचाई नव्हती. पोलिसांनी केला तर मात्र लाठीमार, आणि वर्तमानपत्रांत तो बहुतेक वेळा ‘सौम्य’ असतो. सौम्य म्हणजे किती, हे ज्याच्या पाठीवर बसला त्याला विचारावं.

हुद्द्याच्या चार्जबद्दल एक गोष्ट तुमच्यापैकी जे फक्त संस्कृतकडे बघून शब्द घडवतात त्यांच्यासाठी. ‘ऑफिसर इन चार्ज’ला आज आपण प्रभारी अधिकारी म्हणतो. शिवकाळात किल्ल्यावर सबनीस आणि सरनौबत असत, आणि किल्ला ज्याच्या स्वाधीन असे तो हवालदार. हवाला म्हणजे सोपवणं. हवाली करणं म्हणजे चार्ज देणं. हवालदार म्हणजे अगदी अक्षरशः इन्चार्ज! अरबी-फारसीतून आलेला हा शब्द इतका मुरला की त्याचा हुद्दा घसरून आज तो पोलीस ठाण्यातल्या एका पायरीवर येऊन बसला, आणि इन्चार्जसाठी आपण नवा शब्द शोधायला निघालो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्यातले काही रुजले, बरेचसे नाही. लोकांनी सबनीस, हवालदार, जमाखर्च हे सोडलं नाही. दवाखान्यात आज ‘इन्चार्ज सिस्टर’ म्हणतात, तेही सुटणार नाही.

‘डिस्चार्ज’ हा शब्द तुमच्या यादीत आला की मला हल्ली धडकीच भरते. धरणातून होतो तो विसर्ग, आणि त्याच्या पुढे क्युसेक असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर पाणी. पावसाळ्यात नदीकाठचा माणूस ‘विसर्ग वाढवला’ एवढंच ऐकून जनावरं सोडतो. इस्पितळातून होतो तेव्हा पेशंटला ‘घरी सोडतात’. आणि बायकांच्या तपासणीच्या अर्जात असतो तेव्हा त्याचं मराठी ‘अंगावरून जाणे’ असं आहे. मी एका आरोग्य शिबिराचा छापील अर्ज पाहिला होता, त्यात प्रश्न होता : ‘आपणास विसर्ग होतो का?’ रांगेतल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. एकीने विचारलंही, “संडासचं विचारत्यात का?” शेवटी आशाताईने पेन घेतलं आणि प्रत्येकीला हळू आवाजात तोच प्रश्न नीट विचारला, “अंगावर पांढरं जातं का, ताई?” सगळ्यांची उत्तरं आली. अर्जावर काही जणींच्या पुढे ‘नाही’ आधीच लिहिलं गेलं होतं, ते खोडावं लागलं.

‘रिचार्ज’चं तसं बरं चाललं आहे. विहीर आणि बोअर रिचार्ज करायची असेल तर ‘पुनर्भरण’ हा शब्द शेतकऱ्यांपर्यंत पोचला आहे, कारण त्याच्यासोबत खड्डा, वाळू, खडी, पाइप असं काहीतरी दिसणारं होतं. मोबाइलचा रिचार्ज मात्र लोक ‘मारतात’. तिथे ‘आपल्या मोबाइलचे पुनर्भरण करा’ असा मेसेज पाठवलात तर माणूस फोन घेऊन विहिरीकडे जाणार नाही, पण मेसेज वाचणारही नाही.

काही वेळा चूक आणखी आडवळणाने येते. इंग्रजीचं हिंदी होतं आणि हिंदीचं मराठी. हिंदीत बँका सेवा प्रभार म्हणतात, म्हणून मराठीतही ‘सेवा प्रभार’ छापलं जातं, आणि मराठी वाचकाला प्रभारी मुख्याध्यापक सोडून काही आठवत नाही. वर शाळेच्या पुस्तकात प्रभार म्हणजे विजेचा : धनप्रभार, ऋणप्रभार. त्याच विजेच्या प्रभाराला हिंदीत ‘आवेश’ म्हणतात. मराठीत आवेश भाषणात येतो, तारेत येत नाही. लिपी एक असली की असे शब्द मुकाट्याने कुंपण ओलांडतात.

तुम्ही म्हणाल, दोष इंग्रजीचा आहे, त्या भाषेने एका शब्दात इतकं का कोंबावं. त्यांच्या क्रियापदांची तर गंमतच आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात नुसत्या ‘रन’ या क्रियापदाच्या 645 अर्थछटा नोंदल्या आहेत. पण आपल्या ‘लागणे’कडे बघा जरा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झाडाला आंबे लागतात, दाराला कुलूप लागतं, पोराला वेड लागतं, गाडीला उशीर लागतो, हा माझा कोण लागतो, आणि शेवटी त्यावर करही लागतो. लंडनमध्ये बसून कोणी मराठी-इंग्रजी यादी करून ‘लागणे’पुढे एकच शब्द लिहिला, तर आपण त्याला काय म्हणू?

तर माझं मागणं लहान आहे. तुमची एक्सेलची फाईल दोन रकान्यांची आहे, ती चार रकान्यांची करा. इंग्रजी शब्दाशेजारी लिहा की कोण कोणावर काय लादतो आहे, आणि एक पूर्ण वाक्य द्या. ‘चार्ज’पुढे सात-आठ ओळी होतील, होऊ द्या. यात नवीन काही नाही. आपलं भाषा संचालनालय 1960 पासून आहे, आणि त्याच्या कोशांतही एका इंग्रजी शब्दापुढे पुष्कळदा दोन-तीन पर्याय दिलेले असतात. तुम्ही त्यातला पहिला उचलता आणि बाकीचे टाकून देता. एकसारखेपणा हवा तर अर्थाचा ठेवा : जमिनीवरचा तो दर वेळी बोजा, विजेच्या बिलातला दर वेळी आकार, कोर्टातला दर वेळी आरोप निश्चिती. असा एकसारखेपणा असेल तर मी स्वतः तांबड्या ओळी मोजून देईन.

दुसरं, जिथे लोक ‘चार्ज’ म्हणतात तिथे ‘चार्ज’ म्हणा. चार्ज घेणं, चार्जिंग, इन्चार्ज. त्याने मराठी बुडत नाही.

आणि तिसरं तर फुकट आहे, म्हणजे ‘फ्री ऑफ चार्ज’. पत्र हजारो लोकांना पाठवण्याआधी ज्याला ते जाणार आहे अशा एका माणसाला वाचून दाखवा. शेतकऱ्याचं असेल तर शेतकऱ्याला. आणि मग त्याला विचारा, आता काय करशील? तो ‘पैसे भरायला जाईन’ म्हणाला आणि तुम्हाला ते म्हणायचं नसेल, तर पत्र परत आणा.

हे पत्र वाचून ती यादी माझ्याकडून काढून घेतली गेली तर माझी तक्रार नाही. पण तोवर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कागदात जमिनीवरच्या चार्जपुढे मी ‘बोजा’च लिहिणार आहे. पैसे कापायचे तर कापा.

आपला,
एक भाषांतरकार

ता. क. मावसभावाचा फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्याची प्रत त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘उतरला’.